घरच्या इन्व्हर्टरचं काम : गेटपाशी अडलेले पाच आठवडे

६ एप्रिल २०२५, रविवार

आज प्लायवूडच्या फळीवर सगळी मांडणी पूर्ण झाली. बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे चोवीस व्होल्ट. आयआरएफ ३२०५ जातीचे चार मॉसफेट (विजेने चालणारे स्विच : 'गेट' या पायाला व्होल्टेज दिलं की 'ड्रेन' आणि 'सोर्स' या दोन पायांमधली वाट उघडते), एच-ब्रिजमध्ये, म्हणजे करंट दोन्ही दिशांनी फिरवता येईल अशा जोडणीत : डाव्या बाजूला एक वर, एक खाली, उजव्या बाजूलाही तसंच. मधल्या दोन टोकांना ट्रान्सफॉर्मरचं चोवीस व्होल्टचं वाइंडिंग. प्रत्येक बाजूला गेट चालू-बंद करणारा एक आयआर २११० ड्रायव्हर आयसी, त्यांना सिग्नल देणारा आर्डुइनो नॅनो (प्रोग्राम घालता येणारा छोटा बोर्ड) आणि ड्रायव्हरसाठी बारा व्होल्ट काढायला ७८१२ रेग्युलेटर. ट्रान्सफॉर्मर जुन्या इन्व्हर्टरमधला, भंगारातून वजनावर घेतलेला. वाइंडिंग मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) तपासलंय, चांगलं आहे.

हे सगळं कशासाठी, तेही लिहून ठेवतो. एमआयडीसीतून टॉवेलचे गठ्ठे घरी येतात आणि ही, माझी बायको, कडांची शिलाई करते. माल सकाळी परत द्यायचा असतो. एप्रिल-मे महिन्यात संध्याकाळी वारं सुटलं की लाइट जाते, आणि मशीन नेमकं तेव्हाच थांबतं. तयार इन्व्हर्टर मिळतो, पण मी रोज दुसऱ्यांच्या मागांच्या मोटारी आणि कॉन्टॅक्टर दुरुस्त करतो. घरचं काम स्वतःच्या हाताने करायची फार वर्षांची इच्छा होती.

प्रोग्राम साधा आहे. आठ मिलिसेकंद एका दिशेने, दोन मिलिसेकंद शांत, आठ मिलिसेकंद उलट दिशेने, परत दोन शांत. शांत वेळेत खालचे दोन्ही मॉसफेट चालू राहतात. पन्नास हर्ट्झ.

८ एप्रिल, मंगळवार

पहिल्यांदा चालू केलं. बॅटरीच्या प्लसमध्ये ट्रकच्या हेडलाइटचा चोवीस व्होल्ट, ७५ वॅटचा बल्ब सिरीजमध्ये घातलाय. काही शॉर्ट असलं तर बल्ब पेटेल आणि तीन अँपिअरच्या वर करंट जाणार नाही. ही सवय मला अण्णांनी लावली. अशोक चौकाकडे त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं छोटं दुकान आहे, लहानपणापासून मी तिथे बसत आलोय.

हेडलाइट पेटली नाही, म्हणजे शॉर्ट नाही. ट्रान्सफॉर्मर गुणगुणायला लागला. आउटपुटला साठ वॅटचा साधा बल्ब लावला, तर तो पिवळट, विझायला आल्यासारखा. मीटरवर ६५ व्होल्ट. यायला हवेत २०० च्या वर. मग ट्रकचा बल्ब काढून थेट वीस अँपिअरच्या फ्यूजवर जोडलं. फरक शून्य.

११ एप्रिल, शुक्रवार

तीन संध्याकाळी ट्रान्सफॉर्मरवर गेल्या. उलट बाजूने २३० देऊन पाहिलं, पलीकडे बरोबर चोवीसच्या आसपास मिळाले. म्हणजे ट्रान्सफॉर्मर निर्दोष. प्रोग्राम दोनदा वाचला, पिनांवर एलईडी लावून सगळं दहापट हळू चालवून पाहिलं. क्रम बरोबर आहे.

एक गोष्ट मात्र खटकतेय. मीटर ६५ म्हणतोय, पण ६५ व्होल्टला साठ वॅटचा बल्ब एवढाही उजेड देत नाही, नुसती तार लाल दिसते. बल्ब आणि मीटर या दोघांत एक जण खोटं बोलतोय.

१३ एप्रिल, रविवार

सकाळी अण्णांकडे गेलो. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ट्रान्सफॉर्मर सोड. गेटवर काय येतंय ते बघितलास का?"

"खालच्या गेटवर मीटर लावला होता अण्णा, व्होल्टेज दाखवतो."

"मीटर सरासरी सांगतंय बे. चित्र बघ. आणि खालचा कशाला बघायलास, वरचा बघ की."

माझ्याकडे डीएसओ १३८ आहे, किटमधून जोडलेला छोटा स्कोप, व्होल्टेजचं चित्र दाखवणारा. दोनशे किलोहर्ट्झपर्यंतच पाहू शकतो, पण पन्नास हर्ट्झला तेवढं भरपूर. वरच्या मॉसफेटचा गेट बघताना अडचण ही की त्याचा सोर्स जमिनीवर, म्हणजे बॅटरीच्या मायनसवर, नसतो. तो कधी शून्यावर असतो, कधी चोवीसवर. म्हणून स्कोप वेगळ्या नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालवला आणि त्याचा ग्राउंडचा चिमटा थेट वरच्या सोर्सला लावला. स्कोप कुठेच दुसरीकडे जोडलेला नसल्यामुळे हे चालतं. मेनवर चालणाऱ्या, अर्थिंग असलेल्या स्कोपने हे करू नये.

खालचा गेट : स्वच्छ चौकोन, बारा व्होल्ट, काठ सरळ.

वरचा गेट : अकरा व्होल्टवर उभा राहतो, लगेच उतरणीला लागतो, आठच्या जवळ येतो आणि तिथून कडा तुटल्यासारखा सरळ शून्यावर. पुढचे साडेपाच मिलिसेकंद काहीच नाही. आठ मिलिसेकंदांचं काम आणि मॉसफेट चालू फक्त अडीच.

दोन्ही बाजूंना तेच चित्र. कितीतरी वेळ मी ते नुसतं बघत बसलो होतो. आठवडाभर जे शोधत होतो ते दोन इंची पडद्यावर समोर होतं.

मीटरचं कोडंही सुटलं. स्वस्त मीटर सरासरी मोजतो आणि ती साइन वेव्ह आहे असं धरून आकडा दाखवतो. दहातले अडीच मिलिसेकंद येणारा चौकोन असला की त्याचा आकडा फार कमी येतो. बल्ब तापतो तो खऱ्या आरएमएसवर (उष्णतेच्या हिशेबाने धरलेल्या व्होल्टेजवर), आणि ते हिशेबाने ११५-१२० होतं. खरं बल्ब बोलत होता.

१४ एप्रिल, सोमवार

जयंतीची सुट्टी. दिवसभर हिशेब केला. सविस्तर लिहितो, कारण पुन्हा कधी वरचा मॉसफेट चालवायचा झाला तर हेच पान उघडावं लागेल.

वरच्या मॉसफेटचा सोर्स चालू झाल्यावर बॅटरीच्या चोवीस व्होल्टवर चढतो. गेटला सोर्सपेक्षा दहा-बारा व्होल्ट जास्त हवेत, म्हणजे जमिनीपासून छत्तीस. तेवढं व्होल्टेज सर्किटमध्ये कुठेच नाही. म्हणून आयसीच्या सहा आणि पाच नंबरच्या पिनांमध्ये एक कपॅसिटर असतो, बूटस्ट्रॅप. खालचा मॉसफेट चालू असताना हा कपॅसिटर डायोडमधून बारा व्होल्टवर भरतो. मग वरच्याची पाळी आली की तो सोर्सबरोबर वर चढतो आणि साठवलेल्या विजेवर गेट धरून ठेवतो. त्या वेळात त्याला कुठूनही नवीन पुरवठा नाही. आपल्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं आणि भरलेलं पिंप पुढच्या पाण्यापर्यंत पुरवावं लागतं, अगदी तसंच.

माझं पिंप लहान होतं, एक मायक्रोफॅरड. नेटवरच्या बहुतेक सर्किटांत तेवढंच असतं, पण ती सर्किटं वीस-तीस किलोहर्ट्झची. तिथे पन्नास मायक्रोसेकंदात पिंप परत भरतं. माझ्याकडे आठ मिलिसेकंद, शंभरपटीहून जास्त.

आणि पिंपाला गळका नळ मीच बसवला होता. गेट मोकळा तरंगू नये म्हणून गेट आणि सोर्समध्ये दहा किलोओहमचा रेझिस्टन्स लावतात. खाली तो लावणं बरोबरच. वरही डोळे झाकून तोच लावला. गेटवर अकरा व्होल्ट असताना त्यातून एक मिलिअँपिअरच्या वर करंट जातो, आणि तो येतो बूटस्ट्रॅपच्या कपॅसिटरमधूनच. आयसी स्वतःही थोडा खातो, डेटाशीटमध्ये (कंपनीच्या माहितीपत्रकात) वरच्या भागासाठी जास्तीत जास्त २३० मायक्रोअँपिअर दिलेत. दोन्ही मिळून साधारण १.३ मिलिअँपिअर.

एक मायक्रोफॅरडमधून १.३ मिलिअँपिअर काढला की दर मिलिसेकंदाला १.३ व्होल्ट उतरतात. डायोडमध्ये ०.७ गेले, गेट भरताना थोडे गेले, सुरुवात अकराला. ८.२ व्होल्टच्या जवळ आलं की आयआर २११० आपली अंडरव्होल्टेजची राखण करतो आणि गेट बंदच करून टाकतो. अकरावरून ८.२ ला यायला किती वेळ? अडीच मिलिसेकंदांच्या आत-बाहेर. स्कोपवर दिसलेला कडा तोच होता.

आयसीने ती राखण केली नसती तर गेट पाच-चार व्होल्टपर्यंत घसरत गेला असता, मॉसफेट अर्धवट चालू राहिला असता आणि पूर्ण करंट अंगावर घेऊन तापून गेला असता. चारही मॉसफेट अजून जिवंत आहेत ते त्यामुळे.

दुरुस्ती : वरच्या दोन्ही गेटचे १० के काढून १०० के. एक मायक्रोफॅरडच्या जागी २२ मायक्रोफॅरड, ३५ व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक, त्याला चिकटून ०.१ चा सिरॅमिक. आता करंट सगळा मिळून ०.३५ मिलिअँपिअर. आठ मिलिसेकंदात उतार एका व्होल्टच्या आठव्या हिश्श्याइतका.

रात्री साडेनऊला चालू केलं. मीटर २०८. बल्ब एवढा लख्ख की ही आतून विचारत आली, "लाइट गेली का ओ?" गेली नव्हती. माझा बल्ब घरातल्या ट्यूबसारखा उजळ दिसला म्हणून तिला तसं वाटलं.

१६ एप्रिल, बुधवार

बारीक गोष्ट. स्विच टाकल्यावर कधीकधी ट्रान्सफॉर्मर एकदा जोरात 'ठक्' करतो. कारण लक्षात आलं : प्रोग्राम सुरू होतो तेव्हा बूटस्ट्रॅपचे कपॅसिटर रिकामे असतात, पहिली वरची पाळी वाया जाते आणि ट्रान्सफॉर्मरला एकाच दिशेचा धक्का बसतो. सुरुवातीला पन्नास मिलिसेकंद खालचे दोन्ही मॉसफेट चालू ठेवायची एक ओळ घातली. आवाज गेला.

२० एप्रिल, रविवार

शिलाई मशीनची मोटर व्यवस्थित चालते. छताचा पंखा मात्र घूं घूं करतो, तासाभराने हात लावला तर नेहमीपेक्षा गरम. चौकोनी वेव्हवर पंख्याची मोटर अशीच वागणार. हिला दुपारभर त्याच्याखाली बसायचंय, तो आवाज मला मान्य नाही. साइन वेव्ह करायची ठरवली : डावी बाजू वीस किलोहर्ट्झवर पल्सची रुंदी कमी-जास्त करत चालेल, उजवी बाजू पूर्वीसारखी पन्नास हर्ट्झवर दिशा बदलेल. आउटपुटला फिल्टरचा कपॅसिटर.

२६ एप्रिल, शनिवार

वाईट दिवस. नवीन प्रोग्राम ट्रकच्या बल्बवर चालवला तर बल्ब मंद पेटत होता, काही लोड नसताना. तेव्हाच थांबायला हवं होतं. मला वाटलं फिल्टरमुळे करंट जातोय, आणि बल्ब काढला. मिनिटभरात फटकन आवाज, फ्यूज उडाला, वास.

तपासलं तर डाव्या बाजूचे दोन्ही मॉसफेट ड्रेन ते सोर्स सरळ शॉर्ट. खालच्याचा गेट ते सोर्स तीस ओहम, म्हणजे गेटचा पापुद्राही फुटलाय. तिथला आयआर २११० सुद्धा गेला. ड्रेनचे चोवीस व्होल्ट फुटलेल्या गेटमधून मागे आयसीत शिरतात. मॉसफेट जळाला की फक्त मॉसफेट बदलून भागत नाही. गेटचा रेझिस्टन्स आणि आयसी तपासल्याशिवाय नवा मॉसफेट लावला तर तोही जातो. त्याच बाजूचा आयसी, दोन्ही रेझिस्टन्स, सगळं काढलं.

पहिला संशय मालावर गेला. दुकानदाराने डुप्लिकेट दिले, असं मनात आलं. बोलायच्या आधी मोजून पाहिलं. शिल्लक मॉसफेटच्या गेटला बारा व्होल्ट दिले, ड्रेनमध्ये ट्रकचा बल्ब, करंट तीन अँपिअर, आणि ड्रेन ते सोर्स मिलिव्होल्टमध्ये. २५ मिलिव्होल्ट, म्हणजे आठ मिलिओहमच्या जवळ, डेटाशीटमध्ये आहे तेवढंच. आणलेले नवे दोन्हीही तसेच. माल खरा आहे. बोललो असतो तर एका चांगल्या माणसाला उगाच लागलं असतं.

२७ एप्रिल, रविवार

फळी घेऊन अण्णांच्या दुकानात. एक मायक्रोसेकंदाच्या गोष्टी माझ्या छोट्या स्कोपच्या आवाक्यात नाहीत, अण्णांकडे जुना वीस मेगाहर्ट्झचा दोन चॅनेलचा सीआरओ, म्हणजे मोठा स्कोप, आहे. नवे मॉसफेट, नवा आयसी, ट्रकचा बल्ब परत सिरीजमध्ये. ग्राउंड बॅटरीच्या मायनसला, एक चॅनेल डाव्या खालच्या गेटवर, दुसरा त्या बाजूच्या मधल्या टोकावर.

अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला, टाइमबेस हळूहळू वाढवत नेला. गेट खाली येण्याचा काठ पडदाभर पसरला. बारावरून झपकन पाचच्या खाली येतो, तिथे एक आडवी पायरी, आणि मग शून्याकडे.

"ही पायरी दिसायलीय का?"

"दिसायलीय."

"किती वेळ हाय ती?"

मोजली. एका मायक्रोसेकंदाच्या वर.

"इथं तो धड चालूबी नाही, धड बंदबी नाही. आणि तुझा वरचा तवर चालू व्हायलाय."

ती पायरी म्हणजे मिलर इफेक्ट. ड्रेनचं व्होल्टेज बदलत असताना ड्रेन आणि गेटमधला आतला कपॅसिटन्स रिकामा करावा लागतो, आयआरएफ ३२०५ ला तो चार्ज ५४ नॅनोकुलोंबपर्यंत आहे. मी गेटला १०० ओहम लावले होते. पायरी साडेचार व्होल्टवर, म्हणजे ४५ मिलिअँपिअरनेच तो निघतो. ५४ भागिले ४५, १.२ मायक्रोसेकंद. दोन अँपिअर खेचू शकणारा ड्रायव्हर मी शंभर ओहममागे बांधून ठेवला होता.

आणि नव्या प्रोग्राममध्ये वरचा बंद आणि खालचा चालू या दोन्ही गोष्टी नॅनोमधला टायमर एकाच क्षणी करतोय. जुन्या प्रोग्राममध्ये मी डिजिटलराइट ही आर्डुइनोची तयार आज्ञा वापरली होती. तिला एका पिनसाठी तीन-चार मायक्रोसेकंद लागतात, त्यामुळे दोन्ही मॉसफेट बंद असण्याची मोकळी वेळ न मागता मिळत होती. ती गेली. आयआर २११० स्वतः मोकळी वेळ ठेवत नाही, सांगाल ते तसंच करतो. शिवाय पन्नास हर्ट्झला ही टक्कर सेकंदाला मोजक्या वेळा झाली असती, वीस किलोहर्ट्झला ती चाळीस हजार वेळा होते, आणि प्रत्येक वेळी बॅटरीचं प्लस दोन मॉसफेटमधून थेट मायनसला.

अण्णांनी पैसे घेतले नाहीत. चहा मी दिला.

३० एप्रिल, बुधवार

केलेले बदल. गेटचे १०० ओहम काढून २२ ओहम, प्रत्येकावर उलटा १एन४१४८ डायोड, त्याची रेघेची बाजू ड्रायव्हरकडे. चालू होताना करंट २२ ओहममधून जातो, बंद होताना डायोडमधून सरळ निघतो. मॉसफेट बंद होण्याची घाई चालू होण्यापेक्षा जास्त हवी.

गेटच्या वायरी वीतभर लांब होत्या, त्या चार बोटांवर आणल्या आणि प्रत्येक गेटची वायर त्याच्याच सोर्सच्या वायरीबरोबर पिळून घेतली. आयसीची दोन नंबरची पिन आधी बॅटरीच्या टोकाला जात होती, आता खालच्या सोर्सच्या पायापाशी. जाड करंटची वाट आणि गेटच्या परतीची वाट वेगळी झाली.

प्रोग्राममध्ये टायमरच्या दोन आउटपुटच्या आकड्यांत सोळाचा फरक ठेवला. सोळा मेगाहर्ट्झला एक आकडा ६२.५ नॅनोसेकंदांचा, सोळा म्हणजे एक मायक्रोसेकंद दोन्ही गेट बंद.

परत अण्णांच्या सीआरओवर. पायरी राहिली आहे, पण नखाएवढी. लोड नसताना बॅटरीतून अगदी थोडा करंट. ट्रकचा बल्ब पूर्ण काळा. दहा मिनिटं तसंच चालू ठेवलं, हीटसिंक (मॉसफेटची उष्णता ओढणारा धातूचा तुकडा) थंड.

४ मे, रविवार

लोड टेस्ट : शंभर वॅटचे दोन बल्ब आणि छताचा पंखा, मिळून २७० वॅट.  एक तास. हीटसिंक कोमट, हात ठेवून बोलत बसता येतं. पंख्याचा आवाज लाइटवर असतो तेवढाच. आउटपुटची टोकं प्लायवूडवर उघडी होती, ती आजच बंद डब्यात घेतली. तिथे जीवघेणं व्होल्टेज आहे आणि घरात लहान पोरं फिरतात.

९ मे, शुक्रवार

संध्याकाळी पावणेसातला वावटळ, मागून टपोरे थेंब. गल्लीतली लाइट गेली. मी कामावरून यायचा होतो. आलो तेव्हा सगळ्या गल्लीत अंधार, आणि आमच्या खिडकीत ट्यूब. आत मशीन चालू, पंखा चालू. हिने स्विच स्वतःच टाकला होता. मान वर न करता म्हणाली, "चाळीस राहिलेत."

लाइट साडेनऊला आली. बॅटरी २४.१ व्होल्ट, हीटसिंक कोमट. गठ्ठा बांधून झाला होता.

उरलेलं काम : बॅटरी २१ व्होल्टला आली की आपोआप बंद होण्याची सोय. नॅनोची एक अॅनालॉग पिन मोकळी आहे. बंद करताना चारही गेट खाली ओढायला आयआर २११० ची अकरा नंबरची पिन वापरायची, प्रोग्रामवर सोडायचं नाही. रेझिस्टन्स आणलेत, रविवारी बसतो.